उन्हाळ्यात वाढत्या कोकरांना काय घालायचं: चारा, खुराक, गोळी की मुरघास?

ऊन चढायला लागलं की कोकरं सगळ्यात आधी वैरण सोडतात. पाणी पितात, सावलीत एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी राहतात आणि गव्हाणीत सकाळी टाकलेला कडबा संध्याकाळी तसाच पडलेला असतो. मग आपण काय करतो, तर वजन धरत नाहीत म्हणून खुराकाचं, म्हणजे धान्य-पेंडीच्या मिश्रणाचं, माप वाढवतो, कारण खुराक तेवढा ती आवडीने खातात. गडबड इथेच होते. चारा कमी, खुराक जास्त आणि वरून धाप लागलेली, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पोट बिघडलंच म्हणून समजा. त्यामुळे कुठलं फीड चांगलं हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरला ठेवतो, पहिला प्रश्न कधी घालता आणि पाणी कसं आहे हा. तो सुटला नसेल तर महागातली गोळी आणा नाहीतर लसूणघास आणा, फार फरक पडत नाही.

आधी थोडं कारण समजून घेऊ म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. मेंढीच्या कोटीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, चारा आंबतो आणि त्या आंबण्यातून उष्णता तयार होते. थंडीत ही उष्णता कामाची, उन्हाळ्यात तीच डोक्याला ताप. जितका चारा जाड, काडीचा, पचायला जड तितकी एनर्जीच्या मानाने उष्णता जास्त. कडबा, भुसा, गव्हाचं काड यांची सगळ्यात जास्त, कोवळ्या पानांच्या हिरव्या चाऱ्याची त्याहून कमी, धान्याची अजून कमी आणि फॅटची सगळ्यात कमी. प्रोटीनचं वेगळंच आहे, गरजेपुरतं दिलं तर ठीक, पण गरजेपेक्षा जास्त झालं की शरीराला ते मोडून युरिया बनवून लघवीतून बाहेर टाकावं लागतं आणि त्या कामात एनर्जीही जाते आणि अंगही तापतं. म्हणून "उन्हाळा आहे, पेंड वाढवा" हा सल्ला अर्धाच बरोबर आहे.

अर्धा बरोबर का, तर हे गणित बघा. २० किलोचं कोकरू साधारण वजनाच्या ४ टक्के सुकं खाद्य खातं असं धरलं तर दिवसाला ८०० ग्रॅम होतं. सुकं म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा करून. त्यात १४ टक्के प्रोटीन असेल तर पोटात ११२ ग्रॅम प्रोटीन गेलं. आता समजा उन्हाने खाणं ६५० ग्रॅमवर आलं. तेच ११२ ग्रॅम पोटात जायचं असेल तर खाद्यात १७ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन लागेल. म्हणजे प्रत्येक घास थोडा कसदार करायचा हे खरं, पण प्रमाणात, १७ च्या जागी २२ करून काही कोकरू दुप्पट वाढत नाही. एनर्जीही तशीच वाढायला हवी, नाहीतर ते प्रोटीनच जळण म्हणून वापरलं जातं.

आधी श्वास मोजा

काही बदलण्याआधी दोन दिवस फक्त निरीक्षण करा. सावलीत शांत उभ्या असलेल्या कोकराची कूस बघायची, १५ सेकंदात किती वेळा वर-खाली होते ते मोजायचं आणि चारने गुणायचं. पळवून, पकडून मोजलं तर आकडा खोटा येतो. मिनिटाला २० ते ४० असेल तर आरामात आहे. ८० च्या वर गेलं की उन्हाचा ताण आहे. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकत असेल तर ती फीडची वेळच नाही, सावली, वारा आणि पाणी बघा, पाय-पोट ओलं करा आणि डॉक्टरला फोन करा.

एकदा दुपारी अडीच-तीनला मोजा आणि एकदा पहाटे. दुपारी वाढलेलं असणारच, त्यात नवल नाही, पण पहाटेही ६० च्या वर असेल तर रात्रीत अंग निवलेलंच नाही आणि अशा कळपात कसदार खाद्य वाढवण्यात अर्थ नाही. आधी गोठ्याचा पत्रा, वारा, गर्दी यांचं काहीतरी करा. दमट हवेत हे जास्त होतं कारण मेंढी मुख्यतः श्वासातून अंग थंड करते आणि हवाच ओली असेल तर ती वाट अर्धी बंद. थर्मामीटरवर कमी दिसतं आणि कोकरं जास्त त्रासलेली दिसतात ती यामुळेच.

वेळ

खाल्ल्यावर साधारण ३ ते ५ तासांनी पोटातली उष्णता सगळ्यात जास्त असते. आता सकाळी ९-९॥ ला धारा, झाडलोट वगैरे आवरून निवांत खुराक घातला तर ती उष्णता नेमकी दुपारी १-२ ला येते, म्हणजे बाहेरून ऊन आणि आतून भट्टी. तोच खुराक सकाळी ६ च्या आत घातला तर ऊन चढेपर्यंत बराच भाग पार पडलेला असतो. आणि मोठा वाटा संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर, म्हणजे त्याची उष्णता रात्री गार हवेत निघून जाते.

मी वाटणी अशी सांगेन: दिवसाच्या एकूण खाद्यातलं ६० ते ७० टक्के संध्याकाळ ते रात्र आणि बाकीचं पहाटे. जाड काडीचा चारा तर जवळजवळ सगळा रात्रीच, गव्हाण भरून ठेवायची, रात्री १०-११ ला कोकरं पुन्हा उठून खातात. दुपारी काही घालायचंच नाही, फक्त पाणी आणि हवं तर मीठ-क्षारांची चाटण वीट. पण संध्याकाळी वाटा मोठा म्हणजे खुराकाचा सगळा डोस एकदम संध्याकाळी असं नाही हं. आधी चारा, पोटात थोडी काडी गेली की मग खुराक. आणि खुराक दोन भागांतच, पहाटे एक आणि संध्याकाळी एक.

एवढा एक बदल केला, फीड तेच ठेवलं, तरी गव्हाणीतलं उष्टं कमी होतं का ते आठ दिवसांत दिसतं. खर्च शून्य, त्रास तेवढा आपल्या झोपेला.

आता पर्याय एकेक करून

नुसती चराई. खर्च नाही आणि कोकरू स्वतः निवडून कोवळं खातं, हा मोठा फायदा, पण कडक उन्हाळ्यात गवत वाळून काडी झालेलं असतं, त्यात प्रोटीन ४-५ टक्के राहतं आणि ते शोधत फिरण्यात एनर्जी जाते. मोठी मेंढी त्यावर टिकते, वाढतं कोकरू वाढत नाही. चराई ठेवायचीच असेल तर पहाट आणि संध्याकाळ, जवळच्या जवळ, आणि परत आल्यावर थोडा खुराक. कापणी झालेल्या रानात सोडताना धान्य सांडलेलं किती आहे ते आधी स्वतः चालून बघा, उपाशी कोकरं कणसांच्या ढिगावर पडली तर संध्याकाळी पोटं फुगलेली मिळतील. आणि उन्हाळा ओला असेल, मधे पाऊस झाला असेल तर जंतांचं बघा, खालची पापणी ओढून आतला रंग लाल-गुलाबी आहे की पांढरट ते बघायचं. पांढरट असेल तर रक्त पिणारा जंत आहे असं धरून डॉक्टरला दाखवा, अशा कोकराला कितीही खाऊ घाला, अंगाला लागणार नाही.

हिरवा चारा. उन्हाळ्यात सगळ्यांना हाच हवा असतो आणि बरोबरच आहे, पाणी पोटात जातं, चव आहे, व्हिटॅमिन ए मिळतं. पण हिरव्या चाऱ्यात पाणी ७५-८० टक्के असतं हे विसरलं जातं. ८०० ग्रॅम सुकं खाद्य हिरव्यातूनच द्यायचं तर ४ किलो चारा लागेल आणि २० किलोच्या कोकराच्या पोटात तेवढी जागा मुश्किलीने असते, त्यात ते उन्हाने आधीच कमी खातंय. म्हणून नुसत्या हिरव्यावर कोकरू पोट भरलेलं दिसतं पण वजन काट्यावर चढत नाही.

हिरव्यातही फरक आहे. लसूणघास, सुबाभूळ, चवळी, शेवरी हे शेंगवर्गातले, प्रोटीन आणि कॅल्शियम दोन्ही चांगलं, त्यामुळे पेंडीचा खर्च वाचतो. मका, ज्वारी, नेपियर हे एकदल, पोट भरायला आणि एनर्जीला ठीक, प्रोटीनला कमी. दोन्ही मिसळून द्यायचे. लसूणघास सकाळचा दवाचा ओला उपाशीपोटी देऊ नका, पोटफुगी होते, कापून थोडा सुकवून द्या आणि आधी पोटात दोन घास सुका चारा जाऊ द्या. सुबाभळीत मिमोसिन नावाचा विषारी घटक असतो, चाऱ्याच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त नको. आणि ज्वारीचं नीट वाचा: पाण्याचा ताण बसलेली, कोवळी, गुडघ्याच्या आतली ज्वारी किंवा कापल्यावर पुन्हा फुटलेले धुमारे यात सायनाइडचं विष असतं आणि कोकरू मिनिटांत आडवं होऊ शकतं. फुलोऱ्यावर आल्याशिवाय ओली ज्वारी नको म्हणजे नकोच. उन्हाळ्यात पिकाला पाणी कमी पडलेलं असतं म्हणून हा धोका तेव्हाच जास्त.

सुका चारा. वर म्हटलं तसं उष्णता सगळ्यात जास्त याची, म्हणून काही जण उन्हाळ्यात बंदच करून टाकतात. असं करू नका. लांब काडी चघळताना लाळ सुटते आणि तीच लाळ पोटातलं ॲसिड मारते. प्रश्न प्रमाणाचा आणि कुठला सुका चारा याचा आहे. शेंगवर्गातला भुसा, म्हणजे तूर, हरभरा, भुईमुगाचा पाला, वाळवलेला लसूणघास हे कडब्यापेक्षा किंवा गव्हाच्या काडापेक्षा कितीतरी बरे. पानं टिकवून वाळवलेलं गवत मिळत असेल तर सोन्याहून पिवळं. वाळवताना पानं झडून नुसत्या काड्या राहिल्या तर मात्र नावाचाच लसूणघास.

कुट्टी किती बारीक करायची हाही वादाचा विषय. फार बारीक केली तर चघळणं कमी होतं, फार लांब ठेवली तर कोकरं पानं ओढून काड्या टाकून देतात. दोन-तीन सेंटीमीटर ठीक. संध्याकाळी घालताना भुशावर थोडं पाणी शिंपडलं तर धूळ बसते आणि जास्त खातात, फक्त ओलं केलेलं सकाळपर्यंत शिल्लक ठेवायचं नाही, उन्हात ते आंबतं.

युरिया प्रक्रिया केलेलं काड पण बरेच जण विचारतात. १०० किलो काडाला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून, हवाबंद झाकून ३ आठवडे ठेवायचं, ही पद्धत चांगली आहे पण मोठ्या जनावरांसाठी. लहान कोकरांना मी देणार नाही, कोटीपोट पूर्ण तयार झालेलं नसतं आणि त्यात प्रमाण चुकलं तर विषबाधा.

मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवून साठवलेला हिरवा चारा. हिरवं नसताना हिरव्याची भूक भागवतो, चव लागली की कोकरं तुटून पडतात. पण उन्हाळ्यात मुरघासाची खरी परीक्षा बॅग उघडल्यावर असते. हवा लागली की तो पुन्हा तापतो, हात घातला तर कोमट लागतो, वास बदलतो आणि मग कोकरं नाक लावून परत फिरतात. म्हणून बॅग इतकी छोटी हवी की उघडल्यापासून दोन-तीन दिवसांत संपेल. कळप छोटा असेल आणि मोठा खड्डा उघडणार असाल तर उन्हाळ्यात मुरघासाचा विचार सोडून द्या, अर्धा फेकावा लागेल. बुरशी आलेला भाग बाजूला काढून बाकीचा घालू असंही करू नका, मेंढ्यांना खराब मुरघासातून लिस्टेरियाचा आजार होतो, एका बाजूला मान वाकवून गोल गोल फिरतात आणि बऱ्याचदा हाती लागत नाहीत. गव्हाणीत तीन-चार तासांत संपेल एवढाच टाकायचा, तोही संध्याकाळी. मक्याच्या मुरघासात प्रोटीन ८ टक्क्यांच्या आसपासच असतं, म्हणजे पेंड लागणारच.

खुराक, म्हणजे जिथे फायदाही जास्त आणि नुकसानही जास्त

उन्हाळ्यात कमी घासात जास्त एनर्जी पोचवायची तर धान्य हवंच. धान्यांमध्ये मका आणि ज्वारी पोटात हळू आंबतात, गहू आणि बार्ली भसाभस. म्हणून स्वस्त मिळाला तरी गहू कमीच ठेवा. दुसरं, धान्य पिठासारखं दळू नका. भरडा ठीक, आणि दीड-दोन महिन्यांपुढच्या कोकरांना अख्खा मका घातला तरी ती चावून नीट पचवतात, गाईसारखा शेणात अख्खा पडत नाही. पीठ केलं की धूळ होते, उन्हात खोकतात, आंबतंही लवकर.

एक साधं मिश्रण सांगतो, १०० किलोचं: मका भरडा ५५, सोयापेंड २२, गव्हाचा कोंडा १८, चुनखडी पावडर २, मेंढ्यांचं मिनरल मिक्श्चर २, मीठ १. प्रोटीन १७-१८ टक्के येतं. यासोबत निम्मा शेंगवर्गातला आणि निम्मा साधा सुका चारा असेल आणि खुराक-चारा ६०-४० असेल तर एकूण प्रोटीन १५ च्या आसपास बसतं, १५ ते २५ किलोच्या कोकरांना पुरतं, खाणं फारच कमी झालं असेल तर पेंड २-३ किलो वाढवा आणि मका तेवढा कमी करा. सोबत नुसता कडबा असेल तर मात्र एकूण १२ वर येतं, तेव्हाही पेंड वाढवावी लागेल. ३० किलोच्या पुढे गेल्यावर १२-१३ टक्के पुरेसं.

सोयापेंडीच्या जागी शेंगदाणा पेंड चालते, फक्त उन्हाळा-पावसाळ्याच्या सांध्यात तिला आणि मक्याला बुरशी फार लवकर लागते, त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, डोळ्यांना दिसत नाही, कुबट वास आला किंवा पोत्यात गाठी झाल्या तर घालू नका. सरकी आणि सरकी पेंडीत गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असतो, लहान कोकरांपासून लांबच ठेवा. कोंडा स्वस्त म्हणून वाढवत जाणारे खूप आहेत, कोंड्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम नाहीच्या बरोबर, आणि यातून नर कोकरांना मुतखडा होतो. वर चुनखडी २ किलो टाकलीय ती उगाच नाही, कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट राहावं म्हणून. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, लघवी घट्ट झाली की खडा अडकतो. नर कोकरू पाठ वाकवून कुथतंय, थेंब थेंब होतंय, शेपटी हलवतंय, पोटाला लाथा मारतंय असं दिसलं तर बद्धकोष्ठ समजून तेल पाजत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर. नरांचा कळप खुराकावर असेल तर खुराकात १ टक्का अमोनियम क्लोराइड टाकतात, ते डॉक्टरला विचारून टाका.

मात्रा किती? २० किलोच्या कोकराला ३५० ते ४०० ग्रॅम खुराक ही उन्हाळ्यात माझी वरची मर्यादा. सुरुवात १०० ग्रॅमपासून, दर तिसऱ्या दिवशी ५० ग्रॅम वाढवा, म्हणजे अडीच आठवडे लागतात. घाई नाही. जास्त घातला की पोटात ॲसिड होतं हे सगळ्यांना माहीत असतं पण उन्हाळ्यात ते कमी मात्रेवरही होतं हे माहीत नसतं, कारण एक तर धापा टाकताना शरीरातला सोडा, म्हणजे ॲसिड मारणारा क्षार, खर्च होतो, लाळ गळून वाया जाते, आणि दुसरं म्हणजे कोकरू काडी सोडून दाणे निवडतं, तुम्हाला वाटतं आपण ६०-४० घालतोय, त्याच्या पोटात ८०-२० जात असतं. म्हणून मी गव्हाणीत उरलेलं हातात घेऊन बघायला सांगतो. नुसत्या जाड काड्या उरल्यात की पानं पण उरलीत? काड्याच उरल्या तर निवड चालू आहे, चारा बदला नाहीतर खुराक कमी करा. आणि लेंड्या बघा. सुट्या, टणक, वाटाण्यासारख्या असतील तर छान. एकमेकींना चिकटून ढेकूळ होत असेल तर तिथेच खुराक वाढवणं थांबवा. पातळ, आंबट वासाची, राखाडी झाली, कोकरू रवंथ करत नाही, कोपऱ्यात दात खात उभं आहे, तर खुराक पूर्ण बंद, फक्त सुका चारा आणि पाणी, आणि डॉक्टरला बोलवा. खाण्याचा सोडा खुराकात किलोला १० ग्रॅम घातला तर थोडा आधार मिळतो, पण सोडा घातला म्हणून माप वाढवायचं असं नाही.

आणि खुराक वाढवायच्या आधी आंत्रविषाराची लस. दोन डोस लागतात, मधे तीन-चार आठवडे, म्हणजे उन्हाळ्याच्या आधीच सुरू करायला हवं. हा रोग नेमका सगळ्यात चांगलं वाढणारं, सगळ्यात जास्त खाणारं कोकरू उचलतो, संध्याकाळी खाऊन निजलेलं सकाळी मेलेलं, लोकांना वाटतं साप चावला.

गोळी

तयार गोळी म्हणजे पेलेट, याचे दोन प्रकार, एक नुसत्या खुराकाची गोळी आणि दुसरी चाऱ्यासकट सगळं दळून केलेली पूर्ण आहाराची. दुसऱ्या प्रकाराचा उन्हाळ्यात खरा फायदा आहे, दाणे निवडता येत नाहीत, प्रत्येक घास सारखा, वाया जात नाही, कमी खाल्लं तरी जे खाल्लं ते संतुलित. तोटा हा की सगळं बारीक दळलेलं असल्याने चघळणं, लाळ कमी. म्हणून पूर्ण आहाराची गोळी असली तरी मूठ-दोन मूठ लांब सुका चारा रात्री टाकाच. नाहीतर एकमेकांची लोकर ओढून खाताना दिसतील.

पोत्यावरचं लेबल वाचा. कुणासाठी आहे ते आधी. गाईचं किंवा कोंबडीचं खाद्य कोकरांना घालू नका, त्यात तांबं मेंढीला झेपण्यापेक्षा जास्त असू शकतं, ते यकृतात साठत जातं आणि एक दिवस लघवी लालसर-काळी होते, तेव्हा फार उशीर झालेला असतो. गाईच्या खाद्यात युरियाही असू शकतो. मिनरल मिक्श्चरलाही हेच लागू. मला स्वतःला वाटतं की २०-२५ कोकरांपर्यंत घरचं मिश्रण परवडतं आणि त्यात काय आहे ते माहीत असतं, त्यापुढे मिसळायला माणूस नसेल तर गोळी बरी. पोती पत्र्याखाली थप्पी लावून ठेवू नका, फळीवर, भिंतीपासून लांब, तीन-चार आठवड्यांत संपतील एवढीच आणा.

फॅट. बायपास फॅट, म्हणजे कोटीपोटात न विरघळता पुढे जाणारं फॅट, उन्हाळ्यात कागदावर सगळ्यात भारी, एनर्जी खूप आणि उष्णता सगळ्यात कमी. पण महाग, आणि एकूण आहारात फॅट ५-६ टक्क्यांच्या पुढे गेलं की खाणं घटतं. साधं तेल ओतलं तर काडी पचवणारे जंतू मंदावतात. विकायला जवळ आलेल्या कोकरांना थोडं दिलं तर समजू शकतो, सगळ्या कळपाला घालण्याइतकं ते मला पटत नाही.

स्वस्त कुठलं ते कसं काढायचं

किलोचा भाव बघू नका. हिरव्याचा भाव ०.२० ने भागा, मुरघासाचा ०.३० ने, सुक्या चाऱ्याचा आणि खुराकाचा ०.९० ने, म्हणजे एक किलो सुक्याचा खरा भाव निघेल. बऱ्याचदा हिरवा चारा खुराकाइतकाच महाग निघतो, बघा करून. पण हेही अर्धंच. खरा आकडा म्हणजे एक किलो वजन वाढायला किती खाद्य गेलं. समजा खुराक-चारा मिळून कोकरू ७०० ग्रॅम सुकं खातं आणि रोज ११० ग्रॅम वाढतं, तर किलोला साडेसहा किलोच्या आत खाद्य गेलं. नुसत्या स्वस्त चाऱ्यावर ८०० ग्रॅम खाऊन ६० ग्रॅम वाढलं तर १३ किलोच्या पुढे. आता दोन्हींना आपापल्या भावाने गुणा.

वजन करताना पहाटे, खाण्यापिण्याच्या आधी, दर १५ दिवसांनी आणि तीच तीच पाच-सहा कोकरं खूण करून. संध्याकाळी पाणी पिऊन आलेलं कोकरू काट्यावर दोन-तीन किलो जास्त दाखवतं आणि आपण खूश होतो. थंडीत जी वाढ मिळते ती कडक उन्हाळ्यात मिळणार नाही, ती ओढून ताणून मिळवायला जाऊ नका, हाडं वाढत राहिली आणि तब्येत टिकली तर गार हवेत चांगलं खाऊ घातल्यावर बरीचशी कसर भरून निघते.

पाणी

थंडीत एक किलो सुक्या खाद्यामागे २-३ लिटर पाणी लागतं, कडक उन्हात त्याच्या दुप्पट धरा. पाणी कमी तर खाणं कमी, एवढं सरळ आहे. दुपारी टाकीत हात घालून बघा, काळ्या पाइपातून उन्हात आलेलं पाणी हाताला चटका देतं, ते कोण पिणार. पाइप गाडा किंवा सावलीतून आणा, टाकी सावलीत, छोटी आणि रोज घासलेली, मोठ्या टाकीत शेवाळ धरून बसण्यापेक्षा छोट्या दोन बऱ्या. टाकी गव्हाणीपासून थोडी लांब, नाहीतर चारा पडून पाणी नासतं. लहान कोकराचं तोंड पोचतं का तेही बघा, मोठ्या मेंढ्यांच्या उंचीची टाकी असते आणि कोकरं कडेला उभी राहतात. गव्हाणीला सुद्धा प्रत्येकाला २५-३० सेंटीमीटर जागा हवी, नाहीतर दांडगी दोन वाटे खाऊन ॲसिडने पडतात आणि दुबळी उपाशी.

लोकर अगदी मुळापासून कापू नका, बोटभर ठेवली तर तीच उन्हापासून वाचवते.

आणि उष्णतेची लाट ओसरते तेव्हा सावध. पहिला पाऊस किंवा दोन गार दिवस आले की हीच कोकरं अचानक भुकेली होतात, गव्हाण चाटूनपुसून साफ करतात, आणि आपल्याला वाटतं चला आता मोकळ्या हाताने घालू. त्या चार-पाच दिवसांत वाढवायचा तो चारा वाढवा, खुराक आहे तेवढाच ठेवा, आणि नंतर पुन्हा तेच, दर तिसऱ्या दिवशी ५० ग्रॅम.